कातडीचे कुंपण : एका संशोधकाचे कार्य आणि आपली फवारणी



कपाशीवर फवारणी करताना बुलडाणा जिल्ह्यात अनेक जण नाकातोंडाला रुमाल बांधतात. हात, मान उघडी आणि पाठ ओली राहते. विष तोंडावाटे किंवा श्वासातूनच शरीरात जाते, असा समज यामागे असतो. कातडी पदार्थांना कशी अडवते आणि केव्हा वाट देते, याचा अभ्यास मूळचे सोलापूरचे डॉ. समीर मित्रगोत्री यांनी केला. तो आपणही समजून घ्यावा.

डॉ. मित्रगोत्री यांनी १९९२ साली मुंबईत रासायनिक अभियांत्रिकीची पदवी घेतली आणि १९९६ साली अमेरिकेतील एमआयटी या संस्थेतून डॉक्टरेट मिळविली. पुढे सांता बार्बरा येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात अध्यापन करून २०१७ साली ते हार्वर्ड विद्यापीठात गेले.

कातडीचा सर्वांत वरचा थर केसाहूनही पातळ असतो. त्यात मृत पेशी विटांसारख्या रचलेल्या असून मधला स्निग्ध पदार्थ गाऱ्याचे काम करतो. इन्सुलिनसारखे मोठे रेणू येथे अडतात. कमी वारंवारतेच्या श्राव्यातीत ध्वनिलहरी दिल्यास हा गारा काही काळ सैल होतो व सुईविना इन्सुलिन आत जाऊ शकते, असे त्यांनी सहकाऱ्यांसह १९९५ साली प्रयोगशाळेत दाखवून दिले.

नॅनो म्हणजे मीटरचा अब्जावा भाग. औषधाचे असे सूक्ष्म कण रक्तात सोडले, की यकृत ते लवकर गाळून टाकते. म्हणून त्यांच्या गटाने हे कण तांबड्या रक्तपेशींवर बसविले, जसा म्हशीच्या पाठीवर बगळा. फुफ्फुसातील अरुंद वाहिन्यांतून पेशी घासून जाताना कण तेथेच उतरतात, असे प्राण्यांवरील प्रयोगांत आढळले.

आता आपल्या फवारणीकडे वळू. तेलात विरघळणाऱ्या अनेक कीटकनाशकांचे लहान रेणू याच स्निग्ध गाऱ्यातून सहज पाझरतात. त्यांना ध्वनिलहरींची गरज नसते. घाम, ऊन आणि अंगाला चिकटलेले ओले कपडे त्यांना साहाय्यच करतात. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक जणांचा बळी घेतला, हे विसरू नये.

म्हणून द्रावण हाताने ढवळू नये. रबरी हातमोजे, पूर्ण बाह्यांचे कपडे व पाठीवर प्लॅस्टिकचे आच्छादन वापरावे. वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने फवारू नये. पंप गळत असल्यास आधी दुरुस्त करावा. अंगावर औषध सांडल्यास कपडे त्वरित काढून साबणाने धुवावे. मळमळ, चक्कर किंवा अंधारी आल्यास औषधाच्या डब्यावरील माहितीपत्रकासह दवाखाना गाठावा.