प्रतिकृतीचा ट्रक जुना कसा दिसेल?

माधवनगरच्या रस्त्यावरून जाणारा एखादा जुना ट्रक नीट न्याहाळा. गंज सगळीकडे सारखा नसतो. लोखंड, पाणी आणि प्राणवायू एकत्र आले की गंज तयार होतो. म्हणून जेथे पाणी साचते त्या खालच्या कडा, सांधे आणि रंग खरवडलेल्या जागा आधी गंजतात. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो. त्यामुळे तो भोवतालचा रंग वर उचलतो आणि पोपडे निघतात.

आता १:२४ प्रमाणाची प्रतिकृती घ्या. ७.२ मीटरचा ट्रक येथे ३० सेंटिमीटरचा होतो. तिच्यावर रंगाचा ०.१ मिलिमीटर थर दिला, तर तो खऱ्या ट्रकवरील २.४ मिलिमीटर थराइतका जाड दिसेल! म्हणून रंग पातळ करून दोन-तीन हलके हात द्या. प्रत्येक हात वाळू द्या.

गंजासाठी गेरू डिंकाच्या पातळ पाण्यात कालवा. गेरूचा तांबडेपणाही लोहाच्या ऑक्साइडचाच, आणि तो उन्हाने विटत नाही. सांगलीची हळद मात्र येथे कामाची नाही. तिच्यातील कर्क्युमिन प्रकाशात फिके पडते. गेरू सरसकट फासू नका. पाणी कोठे साचेल याचा विचार करून लावा.

शेवटी धूळ. कृष्णाकाठची काळी माती वस्त्रगाळ करून चाकांमागे कोरड्या कुंचल्याने लावा. ट्रक कोकणातून आलेला दाखवायचा असेल, तर जांभ्याची तांबडी माती घ्या. धूळ पाहून मित्रांनी ट्रकचा प्रवास ओळखला, की तुमचे काम साधले!