वृत्तसंकेतस्थळ आणि व्यक्तिगत भाष्य

‘केसरी’तील अग्रलेखांखाली लेखकाचे नाव छापले जात नसे. तरीही १९०८ साली त्यातील लिखाणाबद्दल राजद्रोहाचा खटला झाला तो संपादक लोकमान्य टिळकांवर, आणि सहा वर्षांची शिक्षाही त्यांनाच झाली. छापील मजकुराला कोणीतरी नावानिशी उत्तरदायी असावा, हे तत्त्व १८६७ च्या मुद्रणविषयक कायद्याने आपल्याकडे रुजविले. परकीय सरकारचा त्यामागील हेतू नियंत्रणाचा होता हे खरे; परंतु वाचकाचाही त्यात लाभ झाला.

वृत्तपत्रांची संकेतस्थळे ही याच परंपरेची पुढची शाखा होय. बातमीदाराचा मजकूर उपसंपादकाच्या नजरेखालून जातो, आकडे पडताळले जातात, ज्याच्यावर आरोप आहे त्याचे म्हणणे घेतले जाते. निदान तशी अपेक्षा असते. ब्लॉगवर स्वतंत्रपणे लिहिणारा मात्र बातमीदार, उपसंपादक आणि प्रकाशक या तिन्ही भूमिका एकटाच पार पाडतो. त्याच्या लिखाणाची छाननी होते ती प्रसिद्धीनंतर, वाचकांकडून. इतरांनी दिलेल्या बातमीचा अर्थ लावणे, वृत्तपत्रांनी काय गाळले ते दाखविणे, यात त्याचे बळ असते.

समजा, एखाद्या गावची नळपाणी योजना रखडली आहे. वृत्तसंकेतस्थळावरील बातमीत मंजुरीची तारीख, झालेला खर्च आणि सरपंचांचे म्हणणे असावयास हवे. गावातीलच एखादा तरुण लिहील तेव्हा त्यात कोरड्या नळाचे वर्णन असेल, संताप असेल, कदाचित कंत्राटदाराविषयी ऐकीव मजकूरही असेल. पहिल्या लिखाणाबाबतचा खुलासा संपादकाकडे पाठवावयाचा, दुसऱ्याबाबतचा थेट लेखकाकडे. कोरडा नळ मात्र दोन्ही वेळा जाऊन पाहावाच लागतो. आणि कित्येकदा त्याची पहिली वार्ता दुसऱ्याच लिखाणातून मिळते.

कायद्यापुढे दोघांत फारसा भेद नाही. संविधानात वृत्तपत्रांसाठी वेगळे स्वातंत्र्य नमूद नाही; अनुच्छेद १९ मधील अभिव्यक्तिस्वातंत्र्य हेच दोघांचे. अब्रूनुकसानीविषयीचे भारतीय न्याय संहितेचे कलम ३५६ दोघांनाही सारखेच लागू आहे. तथापि, भाष्य अप्रिय आहे एवढ्यावरून तो गुन्हा ठरत नाही. नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघर येथे समाजमाध्यमावरील मजकुरावरून दोन तरुणींना अटक झाली. त्यानंतर दाखल झालेल्या याचिकेवर २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६-अ रद्दबातल ठरविले. एवढे होऊनही देशात काही ठिकाणी त्या कलमाखाली गुन्हे नोंदविले जात राहिले; म्हणून ऑक्टोबर २०२२ मध्ये न्यायालयाला पुन्हा निर्देश द्यावे लागले.