पाईपातला पीळ

सकाळी ७

पहिला फोन बहुतेक डेअरीवाल्याचा नाहीतर अमृततुल्यवाल्याचा. पुण्यात सगळ्यात आधी शटर वर जातं ते त्यांचंच. "मिस्त्री, शटर उचलतच नाहीये." मी फोनवर तीन गोष्टी विचारून घेतो. रात्री फटाका फुटल्यासारखा आवाज झाला होता का? एक बाजू वर आणि एक खाली, असं तिरकं जातंय का? मध्येच सोडलं तर जागेवर राहतं की धाडकन खाली येतं? नुसतं तिरकं जात असेल तर बऱ्याचदा टेम्पोने शटरच्या बाजूच्या चॅनेलला ठोकलेलं असतं, ते हातोडा आणि लाकडाच्या ठोकळ्यावर निभावतं. आवाज आणि जडपणा दोन्ही असले तर स्प्रिंग गेली.

सकाळी ९.३०

आज गेलेली स्प्रिंग शनिपाराजवळच्या कापड दुकानाची. शेठ सांगतात, चौघांनी मिळून कसंबसं शटर वर नेलं, आता दुकान चालू आहे. खरं तर ते उचलायलाच नको होतं. पण गिऱ्हाईक दारात असताना हे कोण ऐकणार? मी म्हणतो, "दोन्ही चॅनेलपाशी खालून लाकडी टेकू लावा, आणि मी येईपर्यंत कुणी हात लावू नका. दुपारी एकला येतो."

आठ बाय आठचं लोखंडी शटर साधारण ८० किलोचं असतं. रोज ते एका माणसाच्या हाताने वर जातं, कारण वजन स्प्रिंगा उचलतात. वरच्या खोक्यात एक पाईप असतो, दोन्ही टोकांना ब्रॅकेटमध्ये यू-क्लॅम्पने आवळलेला. पाईप फिरत नाही. त्याच्यावरची व्हीलं फिरतात आणि प्रत्येक व्हीलात एक स्प्रिंग असते, तिचं एक टोक पाईपाला, दुसरं व्हीलाला. शटर खाली ओढलं की व्हील फिरतं आणि स्प्रिंगला पीळ बसतो. पूर्ण खाली आलेल्या शटरचं सगळं वजन लोंबत असतं, तेव्हाच पीळही सर्वांत जास्त असतो. वर जाताना दोन्ही बरोबरीने कमी होतात. चारातली एक स्प्रिंग तुटली की हा हिशेब बिघडतो.

सकाळी १०.३०

बोहरी आळी. जुन्या स्प्रिंगचा तुकडा नसेल तर मी माल उचलत नाही. शेठच्या मुलाने खोक्याच्या फटीतून पडलेला तुकडा जपून ठेवला होता आणि इथे आणून दिला, हे नशीब. तारेची जाडी कॅलिपरने मोजायची, आतला व्यास मोजायचा आणि पीळ उजवा आहे की डावा ते बघायचं. उलट्या पिळाची स्प्रिंग बसवली तर ती आवळण्याऐवजी उकलते. सरकारी कामांच्या दरसूचीत २७.५ सेंटिमीटर लांबीची, आयएस ४४५४ च्या तारेची स्प्रिंग मागतात. बाजारात त्याच लांबीची हलक्या तारेचीही मिळते, आणि दिसायला दोघी सारख्याच. पावतीवर मी तारेचा प्रकार लिहूनच घेतो. दुकानदार वैतागतो, वैतागू दे.

चार घेतल्या. एक तुटली म्हणजे उरलेल्या तिघींनीही तेवढ्याच फेऱ्या मारलेल्या आहेत. "एकच बदला ना," हे वाक्य मला दर आठवड्याला ऐकावं लागतं.

दुपारी १

दुपारी दुकानं बंद ठेवायच्या पुणेरी रिवाजाची बाहेरच्यांनी कितीही थट्टा करावी, माझं पोट त्यावर आहे. काम करायला मोकळे तीन तास मिळतात. शिवाय त्या दुकानांचं शटर दिवसातून एकदाऐवजी दोनदा खालीवर होतं. स्प्रिंगा लवकर थकतात.

आधी माणसं हटवायची. फूटपाथवर दोरी बांधली, शेठना समोरच्या ओट्यावर बसवलं. मग टेकू स्वतः तपासले. शेठच्या माणसांनी एका बाजूला खुर्ची ठेवली होती. ती काढून सागाचा वासा लावला आणि दोन्ही चॅनेलमध्ये बॉटम प्लेटखाली सी-क्लॅम्प आवळले. शटरची वरची गुंडाळी दोरीने बांधली. एवढ्यात अर्धा तास जातो, आणि बघणाऱ्याला वाटतं की मिस्त्रीने अजून काही सुरूच केलेलं नाही.

या धंद्यात लोक घाबरतात ते तुटलेल्या स्प्रिंगला. तिच्यात आता काहीच नाही. भीती बाळगायची ती न तुटलेल्या तिघींची. शटर वर असलं तरी बसवताना दिलेला पीळ त्यांच्यात शिल्लक असतो, आणि तो यू-क्लॅम्पच्या चार नटांवर थांबलेला असतो. नट सैल केला आणि पाईप हातात नसला तर पाईप गर्रकन फिरतो, त्याला लावलेला पानाही फिरतो. दात, मनगट, बरगडी, जे वाटेत येईल ते. म्हणून २४ इंची पाईप पाने दोन. एकाने मी पाईप धरतो, मग पोऱ्या नट सैल करतो, तेही पूर्ण काढत नाही. पाव फेरा सोडायचा, दुसरा पाना लावायचा, पहिला काढायचा, पुन्हा पाव फेरा. एक पाना नेहमी पाईपावर. चेहरा पान्याच्या रेषेत आणायचा नाही आणि घोड्याच्या वरच्या पायरीवर उभं राहायचं नाही, कारण तिथून झटका आला तर धरायला काही नसतं. पोऱ्याला मोजायला लावतो. तो मोठ्याने मोजतो, शेठ ओट्यावरून विचारतात, "चारपर्यंत होईल ना?" मी उत्तर देत नाही.

पाईप हाताने सहज डोलायला लागला म्हणजे पीळ गेला. मगच दोरीवर शटर हळूहळू खाली आणायचं, वरची पट्टी दोरीने ब्रॅकेटला बांधायची, तिचे व्हीलांवरचे बोल्ट काढायचे आणि पाईप खाली उतरवायचा. पुढचं काम जमिनीवरचं, निवांत. तुटलेल्या स्प्रिंगच्या जागी गंज होता, पावसाळ्यात खोक्यात ठिबकलेल्या पाण्याचा. नव्या स्प्रिंगांना ग्रीस, व्हीलांना ग्रीस. पट्ट्या चालतात त्या चॅनेलमध्ये मात्र नाही, तिथे ग्रीसला रस्त्याची धूळ चिकटते.

पाईप पुन्हा वर, पट्टी व्हीलांना, शटर गुंडाळून टेकूवर. आता उलटा उद्योग: शटर खाली येताना व्हील ज्या बाजूला फिरतं त्याच्या विरुद्ध बाजूला पाईप फिरवायचा. पुन्हा दोन पाने, पुन्हा पाव-पाव फेरा, आणि प्रत्येक टप्प्याला क्लॅम्प आवळायचा.

दुपारी ३.४०

परीक्षा सोपी आहे. शटर कमरेपाशी आणून हात काढायचा. तिथेच थांबलं तर पीळ बरोबर. वर पळालं तर जास्त, खाली घसरलं तर कमी. आज ते वीतभर खाली घसरलं. पुन्हा टेकू, पुन्हा क्लॅम्प, आणखी पाव फेरा. शेठ म्हणाले, "चालेल हो एवढं." मला चालत नाही, कारण ते वीतभर घसरणं रोज त्यांच्या नोकराच्या पाठीवर जाणार आहे.

संध्याकाळी ५.३०

नाना पेठेत एक कुलूप, एक तेलपाणी. सांगण्यासारखं काही नाही.

संध्याकाळी ७.३०

न्यू जर्सीहून भाच्याचा व्हिडिओ कॉल, त्याच्याकडे सकाळचे दहा. "मामा, गॅरेजमध्ये खण्णकन आवाज झाला, आता दार हलत नाही. इथे मिस्त्री खूप पैसे सांगतोय. तू सांग, मी करतो." मी कॅमेरा वर करायला सांगितला. दाराच्या डोक्यावर आडव्या दांड्यावर दोन स्प्रिंगा, त्यातल्या एकीत दोन बोटांची फट. दांड्यावरच्या स्प्रिंगांची असली दारं मी बाणेरच्या बंगल्यांत पाहिली आहेत. तिथे पीळ स्प्रिंगच्या टोकाच्या लोखंडी गुंडीत सळ्या घालून देतात. सात फुटी दाराला साधारण साडेसात फेरे, म्हणजे पाव-पाव फेऱ्याचे तीस टप्पे. गुंडीच्या भोकात नेमकी बसणारी अर्ध्या इंची सळई लागते. भाच्याच्या हातात स्क्रूड्रायव्हर होता.

"तो आधी खाली ठेव," मी म्हणालो. "दार बंद आहे ना? मग बंदच राहू दे. मोटरचा प्लग काढ, नाहीतर बायको सवयीने बटण दाबेल आणि मोटर जळेल. दार उघडं राहिलं असतं तर मोटरपासून दार सोडवायची लाल दोरी ओढायची नव्हती, अख्खं दार अंगावर आलं असतं." त्याने विचारलं, न तुटलेली तरी ठेवता येईल का? तिकडच्या साध्या स्प्रिंगांचं आयुष्य १०,००० उघडझापींचं धरतात. दिवसाला चार वेळा गाडी काढली-घातली तर सातएक वर्षं. घर घेऊन त्याला आठ झाली. "दोन्ही बदल, आणि त्या मिस्त्रीलाच बोलाव," मी म्हणालो. त्याला ते आवडलं नाही. मामा असून परक्याच्या पोटाची काळजी करतो, म्हणाला.

रात्री ९.१५

दुकानं बंद व्हायची वेळ, म्हणजे फोनची दुसरी लाट. कसब्यातलं औषधाचं दुकान: ओढताना वर काहीतरी तुटलं, शटर अर्ध्यावर, सोडलं की खाली येतंय. आत माल आहे, उघडं टाकून जाता येत नाही. मी सांगितलं, चार माणसं जमवा, दोन-दोन दोन्ही टोकांना, हात हँडलवर, पावलं मागे. एकदम सोडू नका, दोन्ही बाजू सारख्या खाली आणा आणि कुलूप घाला. सकाळी कुणी उचलायचं नाही, आधी मला येऊ द्या. "पण सातला इन्सुलिनचं पार्सल यायचंय." मग साडेसहाला येतो म्हटलं, आणि पोऱ्याला सहाला उठवायचा गजर लावला.