ओठ बसायला वेळ द्या, मगच सुपारी घ्या

बऱ्याच वर्षांनी ट्रम्पेट हाती घेणाऱ्या कारागिरांसाठी

आमच्या ओळखीचे एक गृहस्थ आहेत. वय पन्नाशीच्या पुढे. पंचवीस वर्षे त्यांनी बँडमध्ये ट्रम्पेट वाजविले. मार्च २०२० मध्ये लॉकडाऊन लागला, लग्ने थांबली आणि घेतलेल्या सुपाऱ्या परत कराव्या लागल्या. घर चालविण्यासाठी त्यांनी भाजीची गाडी लावली आणि ट्रम्पेट पेटीत गेले. आता जुन्या मालकांचा निरोप आला, "भाई, सीझनला या." सोबत उचलही आली. पेटी उघडली तर एक पिस्टन जाम. दुसऱ्याचे वाद्य घेऊन वाजवून पाहिले, तर दहा मिनिटांत ओठ सुटले. उचल तर निम्मी खर्च झालेली. आता करायचे काय?

वाद्यवादनाबाबत उलेमांची मते वाचकांना ठाऊक आहेत. त्या चर्चेची ही जागा नव्हे. परंतु या धंद्यावर समाजातील अनेक घरे चालत आली आहेत. मेरठच्या जली कोठीत १८८५ साली नादिर अली यांची कंपनी सुरू झाली आणि तेथील पितळी वाद्ये देशभरच्या बँडांत गेली. तेव्हा या कारागिरांच्या अडचणीकडे धंदा म्हणून पाहणे आवश्यक आहे.

आधी वाद्य पाहा

वर्षानुवर्षे बंद पडलेले वाद्य तसेच तोंडाला लावू नये. आत साचलेल्या थुंकीत बुरशी व जंतू वाढतात. अमेरिकेत एका ट्रॉम्बोन वाजविणाऱ्याचा अनेक वर्षांचा खोकला त्याच्या अस्वच्छ वाद्यामुळे असल्याचे डॉक्टरांनी २०१० साली जाहीर केले. वाद्य नियमित साफ करू लागल्यावर तो बरा झाला.

कोमट पाणी आणि भांडी घासण्याचा सौम्य साबण पुरेसा आहे. उकळते पाणी वापरल्यास लॅकर निघते. चिंच किंवा लिंबाने बाहेरचे पितळ चकाकते, परंतु पिस्टनला आंबट पदार्थ मुळीच लावू नये. पिस्टनवर १, २, ३ असे आकडे असतात, ते त्याच क्रमाने बसवावेत. पिस्टनला पातळ व्हॉल्व्ह ऑईलच घालावे. खोबरेल तेल थंडीत घट्ट होते आणि ऐन वरातीत पिस्टन खाली बसलेला वर येत नाही. स्लाइडला मात्र ग्रीस किंवा व्हॅसलीन चालते.

अडकलेला माउथपीस पक्कडीने पिळू नये, नळी मुरगळते. दुरुस्ती करणाऱ्याकडे त्यासाठी वेगळे हत्यार असते. पोचे काढणे व सुटलेला डाख पुन्हा लावणे ही कामेही त्याचीच. नळीवर तांबूस ठिपके दिसले तर सावध व्हावे. पितळ म्हणजे तांबे आणि जस्त. ओलाव्याने आतून जस्त झिजते आणि तांबे उरते. हा डाग घासून जात नाही, नळीच बदलावी लागते. जुने वाद्य विकत घेताना पिस्टन न दाबता त्याची स्लाइड पूर्ण बाहेर ओढून पाहावी. 'फट्' असा आवाज आला तर पिस्टन घट्ट आहे असे समजावे. आवाज आला नाही तर पिस्टन झिजलेला असू शकतो, त्या मानाने किंमत पाडून मागावी.

मग ओठ

बोटे विसरत नाहीत, ओठ विसरतात. चाली डोक्यात असतात, बोटे आपोआप पडतात, त्यामुळे माणूस फसतो आणि पहिल्याच दिवशी उंच सूर लावायला जातो. ओठांभोवतीचा स्नायू सैल पडलेला असतो. मग माउथपीस दाताशी दाबून सूर काढण्याचा मोह होतो. दाबामुळे ओठाचा रक्तपुरवठा अडतो, ओठ सुजतो आणि चार दिवस काही वाजत नाही.

पहिले दोन आठवडे दिवसातून दोनदा, दहा-पंधरा मिनिटे वाजवावे. फक्त खालचे, लांब सूर लावावेत. जितका वेळ वाजवाल तितकाच वेळ थांबा. पुढे दर आठवड्याला थोडी वेळ आणि थोडी उंची वाढवावी. ओठ थरथरू लागले की त्या दिवसाचे काम संपले. चालून वाजविण्याचा सराव शेवटी करावा.

पुढचे दात पडले असतील किंवा कवळी बसविली असेल, तर ओठांची ठेवण नव्याने शोधावी लागते. गुटखा व सुपारीने तोंड कमी उघडत असेल तर आधी डॉक्टरांना दाखवावे, कारण हा त्रास कॅन्सरकडे नेऊ शकतो. रक्तदाब, काचबिंदू किंवा हर्निया असणाऱ्यांनीही विचारूनच जोराची फुंक मारावी.

शेवटी हिशेब

लग्नसराई तुळशीच्या लग्नानंतर सुरू होते. गणेशचतुर्थीला सराव धरला तर हाती सव्वादोन महिने राहतात. बहुतेकांना कामापुरते तयार होण्यास एवढा अवधी मिळायलाच हवा. यापेक्षा कमी दिवस असतील तर मुख्य ट्रम्पेटची जबाबदारी घेऊ नये. भर रस्त्यात सूर फाटला तर एक रात्र जाते, पण मालकाचे नाव आणि आपला शब्द त्याहून महाग आहे. मालकांनीही जुन्या माणसाला उचल देताना वाद्याच्या दुरुस्तीचा खर्च वेगळा धरावा, म्हणजे त्याची सुरुवातच कर्जाने होणार नाही.

आमच्या त्या गृहस्थांनी मालकांना खरी स्थिती सांगितली. पहिला महिना दुसऱ्या ट्रम्पेटवर, कमी पगारात, आणि उरलेली उचल पगारातून थोडी थोडी वळती, असे ठरले. सकाळी भाजीची गाडी चालू आहे. दुपारी गाडी लागली की ते घराच्या मागे खालचे सूर लावत बसतात. रोजी हलाल हवी तशी ती खऱ्या शब्दावर मिळालेली हवी. बरकत त्यातच आहे.