पानाचा पत्ता: गुगलसाठी थोडा, वाचकासाठी जास्त

१ नोव्हेंबर २०१४ रोजी कर्नाटकातल्या बारा शहरांची नावं अधिकृतपणे बदलली. गुलबर्ग्याचं कलबुर्गी झालं, विजापूरचं विजयपुरा, बेळगावचं बेळगावी. पाट्या रंगवून घेता आल्या, लेटरहेड नव्याने छापता आली. संकेतस्थळांवर मात्र पानांच्या पत्त्यांत जुनं नाव तसंच राहिलं. मग शाळा, दुकानं, देवस्थानं आणि मराठी मंडळं यांना प्रश्न पडतो: पत्त्यात ‘गुलबर्गा’ असेल तर गुगल आपल्याला मागे टाकेल का? या प्रश्नावर सल्ले भरपूर मिळतात आणि त्यातले बरेचसे नुकसान करणारे असतात.

आधी पत्ता तयार कसा होतो ते पाहू. वर्डप्रेससारख्या प्रणालीत आपण शीर्षक लिहितो आणि त्यावरून पत्त्याचा शेवटचा तुकडा प्रणाली आपोआप बनवते. त्याला स्लग म्हणतात. विरामचिन्हं गाळायची, मोकळ्या जागी आडवी रेघ टाकायची, रोमन मोठी अक्षरं लहान करायची, त्याच नावाचं पान आधी असेल तर शेवटी २ जोडायचा, एवढंच ते काम. अर्थ त्या यंत्राला कळत नाही.

सगळ्यात पसरलेला गैरसमज असा की पत्त्यात शोधले जाणारे शब्द कोंबले की पान वर येतं. पत्त्यातल्या शब्दांचा क्रमवारीवर होणारा परिणाम अगदी थोडा आहे, हे गुगलने स्वतः अनेकदा सांगितलं आहे. प्रश्नचिन्हं आणि आकडे असलेले पत्तेही आपण वाचू शकतो, हे तर त्यांनी २००८मध्येच स्पष्ट केलं होतं. शब्दांमध्ये खालची रेघ नको, आडवी रेघ वापरा, ही गुगलची शिफारस आहे आणि ती पाळावी. पण मराठी विकिपीडियाच्या पत्त्यांत सगळीकडे खालचीच रेघ असते, तरीही त्याची पानं शोधात ठळकपणे दिसतात. त्यामुळे चालू पत्ते केवळ रेघेसाठी बदलायला निघू नये.

मग पत्त्यात शब्द असावेत कशाला? माणसासाठी. व्हॉट्सॲपवर आलेला दुवा उघडण्याआधी आत काय आहे याचा अंदाज वाचकाला यायला हवा.

अफजलपूर तालुक्यातल्या गाणगापूरचं उदाहरण घ्या. दत्तभक्त महाराष्ट्रातून तिथे सतत येतात, आणि रोमन लिपीत हे नाव कोणी गाणगापूर लिहितो, कोणी गाणगापुरा, कोणी देवल गाणगापूर, तर कोणी चक्क गंगापूर. चारही रूपं स्लगमध्ये घातली तर पत्ता लांबतो, पदरात काही पडत नाही. शिवाय नुसतं गंगापूर लिहिलं तर छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातला गंगापूर तालुकाही आहे आणि नाशिकचं गंगापूर धरणही. स्लगमध्ये एकच रूप ठेवावं आणि बाकीची लेखाच्या मजकुरात सहज येऊ द्यावीत. शोधयंत्र मजकूर वाचतं.

आता देवनागरी पत्त्यांकडे वळू. माझ्या मते आपल्या भागातल्या संकेतस्थळांचं खरं नुकसान इथे होतं. ‘देवनागरी पत्ता चालतच नाही’ हे चूक आहे. तो चालतो, गुगलला वाचता येतो, आणि वाचकाच्या भाषेतले शब्द पत्त्यात वापरा असं गुगलच सुचवतं. पण ‘चालतो, म्हणजे त्याकडे बघायला नको’ हेही तितकंच चूक आहे.

संगणक साठवतो तेव्हा देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं. व्यंजन, मात्रा, हलन्त, अनुस्वार, सगळी चिन्हं वेगवेगळी मोजली जातात. पत्त्यात प्रत्येक बाइट टक्क्याचं चिन्ह आणि पुढे दोन अक्षरं किंवा आकडे असा लिहिला जातो. म्हणजे एका चिन्हामागे नऊ जागा. वर्डप्रेस स्लगला २०० जागा देतं, त्यात देवनागरीची जेमतेम २२ चिन्हं बसतात. ‘बसवकल्याणच्या किल्ल्याचा इतिहास आणि आजची अवस्था’ असं शीर्षक दिलंत तर आपोआप तयार होणारा स्लग ‘बसवकल्याणच्या-किल्ल्याच’ इथेच तुटतो. ‘किल्ल्याचा’मधला शेवटचा काना गळतो आणि ‘इतिहास’ हा शब्द पत्त्यात पोहोचतच नाही. ब्राउझरमध्ये देवनागरी दिसत असली तरी हा दुवा कॉपी करून पाठवला की बहुतेक वेळा टक्क्यांची लांब माळ समोर येते, आणि ती पाहून अनेकांना दुव्याचीच शंका येते.

दुसरा प्रकार याहून वाईट आहे. पायथन भाषेतल्या जँगो या चौकटीवर बऱ्याच प्रणाली उभ्या आहेत. तिच्या स्लग बनवणाऱ्या फंक्शनला रोमनखेरीज इतर लिप्या ठेवण्याची सोय २०१५मध्ये मिळाली. ती सोय सुरू नसेल तर मराठी शीर्षकाचा स्लग रिकामाच येतो. सुरू असेल तर व्यंजनं आणि स्वर राहतात, पण मात्रा, हलन्त आणि अनुस्वार गळतात, कारण पायथनच्या नियमात ती चिन्हं ‘अक्षर’ धरली जात नाहीत. बीदरचं बदर होतं, भालकीचं भलक आणि बसवकल्याणचं बसवकलयण. यात लिहिणाऱ्याची काही चूक नसते. लिपीची घडण लक्षात न घेता केलेला तो नियम आहे, आणि स्लग डोळ्यांनी तपासल्याखेरीज हे कळत नाही.

म्हणून माझा कौल स्पष्ट आहे. शीर्षक आणि मजकूर मराठीत, देवनागरीतच असावा. तिथे तडजोड नको. स्लग मात्र हाताने लिहावा. देवनागरी हवा असेल तर दोन-तीन लहान शब्दांचा, नाहीतर रोमन लिपीत तितकाच छोटा. रोमन करण्याचं काम आपोआप चालणाऱ्या साधनावर सोपवू नये, कारण आपण ‘ज्ञ’ला ‘द्न्य’ लिहितो आणि साधन ‘ज्न’ करून ठेवतं.

नाव बदललं म्हणून पत्ताही बदलावा, हा गैरसमज मला सर्वांत घातक वाटतो. कलबुर्गीचा विमानतळ २२ नोव्हेंबर २०१९ला सुरू झाला, शहराचं नाव बदलल्यानंतर पाच वर्षांनी, तरी त्याचा आंतरराष्ट्रीय कोड गुलबर्ग्यावरून आलेला जीबीआय हाच आहे. १९८०मध्ये स्थापन झालेलं गुलबर्गा विद्यापीठ अजून त्याच नावाने चालतं. ओळख पटवणारी खूण टिकाऊ असणं महत्त्वाचं असतं. वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी १९९८मध्येच लिहून ठेवलं की चांगले पत्ते बदलत नाहीत. पत्ता बदलला की जुन्या बातम्यांतले, पत्रिकांवर छापलेले आणि नातेवाइकांच्या गटांत फिरलेले दुवे एका झटक्यात मरतात. २०१९मध्ये हैदराबाद-कर्नाटक या विभागाचं नाव कल्याण-कर्नाटक झालं, तिथेही हेच लागू आहे.

बदलणं भागच असेल तर जुन्या पत्त्यावरून नव्याकडे ३०१ क्रमांकाचं कायमचं वळण द्यावं. अशा वळणामुळे पानाचं वजन कमी होत नाही, असं गुगलने २०१६मध्ये सांगितलं. वळण किमान वर्षभर ठेवा, असं गुगल म्हणतं. मी म्हणेन, कधीच काढू नका. वर्डप्रेसमध्ये स्लग बदलला तर पोस्टचा जुना पत्ता लक्षात ठेवला जातो, पेजचा नाही. आपली ‘संपर्क’, ‘प्रवेश’, ‘पूजेच्या वेळा’ ही महत्त्वाची पानं बहुधा पेजच असतात. त्यांची वळणं स्वतः लावावी लागतात.

उरलेलं थोडक्यात. दरवर्षी होणाऱ्या यात्रेच्या किंवा प्रवेशाच्या कायम पानाच्या स्लगमध्ये साल घालू नये. रोमन पत्त्यात अक्षरं लहानच ठेवावीत, कारण लहान-मोठ्या अक्षरांनी पत्ता वेगळा ठरू शकतो. फोटोच्या फाइलला कॅमेऱ्याने दिलेला क्रमांक तसाच न ठेवता ‘बीदर-किल्ला’ असं साधं नाव द्यावं. त्याने शोधयंत्राला थोडा इशारा मिळतो.

तेव्हा ‘गुलबर्गा’ नावाचं जुनं, चालतं पान तुमच्याकडे असेल तर त्याच्या पत्त्याला हात लावू नका. मजकुराच्या पहिल्याच वाक्यात ‘कलबुर्गी, म्हणजे पूर्वीचं गुलबर्गा’ असं लिहा, आणि पुढचा मराठी लेख प्रकाशित करण्याआधी स्लगची चौकट उघडून एकदा वाचा.