भाऊ, आज सभागृहात काय झालं?

रात्रीचे साडेनऊ वाजलेत, तरी नागपूरच्या आमदार निवासाच्या आवारात गाड्यांची ये-जा थांबलेली नाही. जिन्यावर, व्हरांड्यात माणसं बसून आहेत. कुणाच्या हातात निवेदनाची फाइल, कुणाच्या हातात उद्याच्या प्रेक्षक गॅलरीच्या पाससाठी आधार कार्डाची झेरॉक्स. डिसेंबरची थंडी अंगात शिरतेय. दुसऱ्या मजल्यावरच्या एका खोलीचं दार उघडंच आहे आणि आत दोन पलंगांपैकी एकावर बसायलाही जागा नाही, इतके कागद पसरलेत.

दुसऱ्या पलंगाच्या कडेला भाऊ टेकलेत. पूर्व विदर्भातल्या धानपट्ट्यातल्या एका मतदारसंघाचे ते आमदार. मतदारसंघात त्यांना सगळे भाऊच म्हणतात आणि इथे तेवढंच नाव पुरे. अधिवेशन चालू असलं की रोज रात्री, कामकाज संपल्यावर, ते गावोगावच्या व्हॉट्सॲप गटांवर दिवसाचा वृत्तान्त पाठवतात. एक बोललेला संदेश, कारण म्हाताऱ्या माणसांना वाचायला नको वाटतं. सोबत तोच मजकूर लिहून. आणि सरकारकडून काही लेखी उत्तर आलं असेल तर त्याची प्रत. हा वृत्तान्त तयार कसा होतो ते पाहायला मी एका कोपऱ्यात खुर्ची ओढून बसलोय.

आज त्यांची लक्षवेधी लागली होती. तातडीच्या सार्वजनिक प्रश्नाकडे मंत्र्यांचं लक्ष वेधायची ही सूचना. खात्याचं लेखी निवेदन आधी सदस्यांच्या हाती येतं, मग सदस्य उभा राहून त्यावर मंत्र्यांना प्रश्न विचारतो. कामकाजपत्रिकेवर अशा सूचनांची रांग असते, त्यामुळे भाऊंचा क्रमांक पुकारला गेला तेव्हा बाहेर अंधारून आलं होतं. मिळाली ती मोजकी मिनिटं. अलीकडे नागपूरचं अधिवेशन आखडत चाललंय. २०२३ मध्ये ते ७ ते २० डिसेंबर चाललं. २०२४ मध्ये १६ ते २१, म्हणजे सहाच दिवस, आणि मंत्र्यांना खाती मिळाली तीसुद्धा शेवटच्या दिवशी. २०२५ चं ८ ते १४. एवढ्या दिवसांत २८८ सदस्यांच्या मतदारसंघांतलं काय काय मावणार?

समाजमाध्यमं सांभाळणारा पोरगा लॅपटॉप घेऊन पुढे सरकतो. त्याने अधिकृत प्रक्षेपणातून तुकडा काढलाय, पाऊण मिनिटाचा. पडद्यावर भाऊ उभे आहेत, हात वर, आवाज चढलेला: "अध्यक्ष महोदय, माझ्या शेतकऱ्याचं धान उघड्यावर पडलेलं आहे!" बाकं वाजतात. तुकडा तिथेच संपतो.

"टाकू का भाऊ? दहा मिनिटांत हजार लोक पाहतील."

"अन् मंत्र्यांचं उत्तर?"

"ते लांब हाये. कोणी पाहत नाही ते."

"मग आपन विचारलं काहून?"

पोरगा गप्प होतो. खोलीतले दोघं-तिघं कार्यकर्ते त्याच्या बाजूचे आहेत, हे त्यांच्या चेहऱ्यांवरून दिसतं. मला मात्र भाऊंचं म्हणणं शंभर टक्के पटतं. धान उघड्यावर आहे हे गावाला सांगायची गरज काय? गावच ते रोज पाहतंय. सरकार त्यावर काय म्हणालं, हे गावाला माहीत नाही, आणि आमदार सोडून दुसरं कुणी ते त्याच्यापर्यंत नेणारही नाही. वर्तमानपत्राच्या जिल्हा पानावर चार ओळी आल्या तर आल्या.

प्रश्न साधा आहे आणि त्याला घाई आहे. भारी धानाची चुरणी आता उरकत आलीय. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्र सरकारने साध्या धानाला क्विंटलमागे २,३६९ रुपये हमीभाव ठरवलाय, पण तो भाव मिळतो तो खरेदी केंद्राचा काटा सुरू असेल तर. नोंदणी ऑनलाइन झालेली, सातबारा जोडलेला, आणि केंद्रावर बारदाना नाही, नाहीतर गोदाम भरलेलं. अशा वेळी ज्याला उधारी फेडायची आहे तो शेतकरी थांबू शकत नाही. व्यापारी म्हणेल त्या भावात त्याचे कट्टे जातात. म्हणून मतदारसंघाच्या टोकाला असलेलं एक केंद्र अजून का उघडलं नाही, मागच्या हंगामातले काहींचे चुकारे का अडकलेत आणि त्या भागात गोदाम कधी होणार, असे तीन प्रश्न भाऊंनी विचारले.

"घ्या लिहून," ते पीएंना म्हणतात. पीए वयस्क गृहस्थ आहेत. चष्मा कपाळावर सरकवून ते खात्याचं निवेदन आणि सभागृहात स्वतः टिपून घेतलेला कागद शेजारी शेजारी ठेवतात. मंत्री काय म्हणाले हे आठवणीवर सोडायचं नाही, असा इथला नियम दिसतो.

पहिल्या प्रश्नाला मंत्र्यांनी सांगितलं, केंद्र आठ दिवसांत सुरू करण्याच्या सूचना दिल्या जातील. भाऊ लिहायला सांगतात की हे सभागृहात सांगितलेलं आहे आणि कार्यवृत्तात नोंदलं जाणार आहे. आठ दिवस कोणत्या तारखेला भरतात तेही पीए कॅलेंडर बघून लिहितात. हे महत्त्वाचं का, ते इथे आल्यावर मला नीट कळतंय. मंत्र्याने सभागृहात दिलेला शब्द हवेत जात नाही. विधिमंडळाची आश्वासन समिती असे शब्द वेगळे काढते आणि ते पाळले का, म्हणून खात्याला विचारते. पण समिती विचारेपर्यंत हंगाम निघून जाईल. तारीख गावातल्या माणसाच्या खिशात असली, तर नवव्या दिवशी तो स्वतः जिल्हा पणन अधिकाऱ्याच्या दारात उभा राहू शकतो.

दुसरं उत्तर मोघम आहे. ज्यांचं बँक खातं आधारशी जुळत नाही त्यांची प्रकरणं तपासून निर्णय घेऊ. भाऊ सांगतात, "लिहा, तारीख दिली नाही. आपन पुन्हा विचारू."

तिसऱ्यावर खोलीत वाद होतो. गोदामाचा प्रस्ताव यंदा विचाराधीन नाही, असं निवेदनातच छापलंय.

"हे कशाला टाकता भाऊ?" एक कार्यकर्ता म्हणतो. "नकार आपल्याच तोंडानं? समोरचे हेच फिरवतील गावात."

"गोदाम होते म्हणून कोणी ताडपत्री घेतली नाही अन् अवकाळी आला, तर?"

"तरी पन…"

"लिहा. गोदाम यंदा नाही. धान झाकायची सोय करून ठेवा."

यावर कुणी बोलत नाही. आमदाराने आणलेल्या कामांची यादी मी पुष्कळदा पाहिली आहे. रस्ता मंजूर, सभामंडप मंजूर, निधी आणला. सरकारने नाही म्हटलं, हे लोकप्रतिनिधीने आपल्याच गावाला लेखी कळवलेलं मी इथे पाहतोय. माझ्या मते हीच त्या संदेशातली सगळ्यात उपयोगाची ओळ आहे, कारण ती वाचून कुणीतरी उद्या सकाळी खरंच ताडपत्री विकत आणेल.

मग बोनसचा विषय निघतो. डिसेंबर २०२३ मध्ये याच शहरातल्या अधिवेशनात सरकारने धानासाठी हेक्टरी २० हजार रुपये, दोन हेक्टरांच्या मर्यादेत, जाहीर केले होते. तेव्हापासून हिवाळा आला की गावं नागपूरकडे कान लावून बसतात. आज त्यावर काहीच झालेलं नाही. पोरगा सुचवतो की 'बोनससाठी आग्रही' असं घालू. भाऊ मान हलवतात. आज बोललोच नाही, तर आग्रही कसला?

मजकूर जवळपास तयार होतो, तेव्हा पीए एका ओळीवर बोट ठेवतात. चुकारे अडवणाऱ्या एका कर्मचाऱ्याचं नाव त्या ओळीत आलंय. "हे काढावं लागेल."

"मी सभागृहात घेतलं ना."

"सभागृहात चाललं. बाहेर छापलं की कवच जातं."

पीए वकील नाहीत, पण त्यांचं म्हणणं बरोबर आहे. संविधानाच्या १९४ व्या अनुच्छेदाने आमदाराला सभागृहातल्या बोलण्याबद्दल कोर्टापासून संरक्षण दिलंय. मात्र तो स्वतः तेच बाहेर प्रसिद्ध करतो तेव्हा ते संरक्षण आपोआप सोबत येत नाही. पश्चिम बंगालच्या विधानसभेतले एक सदस्य, जतीशचंद्र घोष, यांनी अध्यक्षांनी नाकारलेले आपले प्रश्न एका स्थानिक नियतकालिकात छापले आणि बदनामीचा खटला ओढवून घेतला. सर्वोच्च न्यायालयाने १९६१ च्या सुमारास त्यांचा विशेषाधिकाराचा दावा मान्य केला नाही. मतदारांना खरं सांगताना इतकी काळजी घ्यावी लागते, आणि घ्यायलाही हवी. नाव लिहिलं गेलेला माणूस उत्तर द्यायला सभागृहात नसतो. भाऊ क्षणभर विचार करतात आणि नाव खोडतात. 'संबंधित कार्यालय' एवढंच ठेवतात.

मी व्हरांड्यात येतो. जिन्यावरची माणसं तशीच आहेत. दुपारी मी मोर्चे पाहिलेत. यशवंत स्टेडियमकडून निघायचं, घोषणा देत चालायचं आणि विधानभवनाच्या अलीकडेच पोलिसांच्या कठड्याशी थांबायचं. मग शिष्टमंडळातल्या चौघा-पाचजणांना आत नेतात. बाकीचे रस्त्यावर बसून भाकरी सोडतात. आत काय बोलणं झालं, ते परत येणाऱ्या चौघांच्या तोंडून कळतं.

हे अधिवेशन इथे भरतं तेच मुळी या माणसांसाठी. २८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर करारात विदर्भाला जी वचनं दिली गेली, त्यांत सरकारने दर वर्षी काही काळ नागपुरात मुक्काम करावा आणि विधिमंडळाचं निदान एक अधिवेशन इथे घ्यावं, हे वचन होतं. नागपूर तेव्हा जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी होतं. राजधानीपण सोडून महाराष्ट्रात येणाऱ्या शहराला दिलेला तो शब्द होता, की सरकार तुमच्या दारी येईल, तुमचं ऐकेल. मुंबई गडचिरोलीपासून किती लांब आहे, हे नकाशा पाहिल्याशिवाय पश्चिमेकडच्या माणसाला समजायचं नाही.

आणि ऐकलं जाईल या भरवशावर आलेल्या माणसांचं काय झालं, तेही याच शहराने पाहिलंय. २३ नोव्हेंबर १९९४ ला, अधिवेशन चालू असताना, अनुसूचित जमातीचा दर्जा मागायला आलेल्या गोवारी समाजाच्या मोर्चात चेंगराचेंगरी झाली. ११४ माणसं गेली, बहुतेक बाया आणि लेकरं. झिरो माइलजवळ त्यांचं स्मारक आहे. अधिवेशनाला येणारा-जाणारा त्याच्या आसपासून जातोच. आतलं बोलणं बाहेर वेळेवर आणि खरं पोचणं ही आमदाराची मेहरबानी मानायला मी तयार नाही. ते त्याचं कामच आहे, मतदारसंघात फिरण्याइतकंच, सभागृहात उभं राहण्याइतकंच. भाऊ रोज रात्री जे करतात ते सगळ्या २८८ जणांनी करावं, आणि विधान परिषदेच्या ७८ जणांनीही.

आत भाऊंनी फोन तोंडाजवळ धरलाय. खोलीतले सगळे गप्प. "रामराम. आज आपल्या धानाची लक्षवेधी लागली होती. मंत्र्यायनं काय सांगितलं ते आयका. पयली गोष्ट, आपलं बंद केंद्र…" भाषण देतानाचा चढा सूर आता नाही. शेजारच्या ओसरीवर बसून बोलावं तसं ते सावकाश बोलतायत. गोदामाचा नकार येतो तिथे आवाज खाली जात नाही, तेही मी टिपून ठेवतो. संदेश तीन मिनिटांत संपतो. पोरगा तो गटांवर टाकतो, मागोमाग लेखी मजकूर, मागोमाग निवेदनाचं पान. आणि हो, तो पाऊण मिनिटाचा तुकडाही जातो, पण त्याला मंत्र्यांचं पूर्ण उत्तर जोडून.

फोन लगेच वाजायला लागतात. पहिल्याला पास हवाय. दुसरा विचारतो, गोदाम पुढच्या वर्षी तरी होईल का. भाऊ म्हणतात, सांगता येत नाही. तिसरा आवाज म्हाताऱ्या माणसाचा आहे, स्पीकरवर खोलीभर ऐकू येतो.

"भाऊ, तुमी धाडलेला कागद नातवानं वाचून दाखवला जी. आता मी तो घेऊन हापिसात जातो. पन एक इचारू का?"

"इचारा ना."

"दुसऱ्या केंद्रावर चाळीस किलोच्या कट्ट्यामागं जादा धान घेऊन रायले. तूट येते म्हनतात. किती घ्याचं त्याचा काही कायदा हाये का नाही?"

भाऊ पीएंकडे बघतात. पीए आधीच कोरा कागद पुढे ओढून बसलेत.

"कोनतं केंद्र? किती जादा घेतात? काट्याची पावती हाये का तुमच्याकडे?"

"पावती हाये. सकाळी नातवाला फोटो काढून धाडाले सांगतो."

"सकाळी नको, आताच धाडा. उद्या औचित्याचा मुद्दा मांडाचा तर सूचना सकाळीच द्यावी लागते."

पलीकडे म्हातारा नातवाला हाक मारतो.