घंटा देणारा मामा

११ डिसेंबर २०२०. करोनामुळे शाळा धड उघड्या नव्हत्या, धड बंदही नव्हत्या. त्या दिवसांत राज्य शासनाने निर्णय काढला, की अनुदानित खासगी शाळांतला शिपाई निवृत्त झाला की ते पद पुन्हा भरायचं नाही. त्याऐवजी शाळेला ‘शिपाई भत्ता’ मिळेल, ग्रामीण भागात महिन्याला ५,००० रुपये. चर्चा झाली ती पगाराची आणि नोकरीची, आणि ती व्हायलाच हवी होती. पण सिंधुदुर्गातल्या मालवण, देवगड, वेंगुर्ल्याच्या शाळांत हा शिपाईमामा नुसती घंटा देत नव्हता. सकाळच्या एसटीने कोण उतरलं नाही, मधल्या सुट्टीत डबा न उघडता पाण्याच्या टाकीकडे कोण बसून राहतो, कुणाच्या पोटात आठवड्यातून तीनदा दुखतं, हे वर्गशिक्षकाच्या आधी त्याला कळायचं. “काय रे, आज गप कित्याक?” एवढं तो विचारायचा. मुलांच्या मनाची आमच्याकडची पहिली तपासणी तीच होती.

फाटकावर असायचा तो हा मामाच; शाळेसाठी वेगळा सुरक्षा अधिकारी नेमण्याची पद्धत आपल्याकडे नाही. अमेरिकेत ती आहे. १४ फेब्रुवारी २०१८ ला फ्लोरिडातल्या पार्कलँडच्या शाळेत गोळीबारात १७ जण गेले, आणि त्यानंतर तिथल्या कायद्याने शाळेवरच्या सशस्त्र अधिकाऱ्यालाही मानसिक संकट ओळखण्याचं शिक्षण सक्तीचं केलं. आपल्या फाटकावर बंदूक नाही, हे भाग्यच. पण फाटकावरच्या माणसाने काय बघायचं, हा प्रश्न आपल्यालाही टळलेला नाही. गेल्या दहा-बारा वर्षांत आपण तो कसा हाताळला, ते पाहावं म्हणून मी मागे वळलो.

२०१४ च्या जानेवारीत राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला. त्याआधीपासून सरकारी दवाखान्यांत किशोरवयीनांसाठी ‘मैत्री’ क्लिनिक होतीच. मुलांनी तिथे यावं, अशी अपेक्षा होती. पण सगळा गाव एकमेकांना ओळखतो अशा ठिकाणी दवाखान्याच्या बाकावर बसणं म्हणजे संध्याकाळपर्यंत बाजारात बातमी. शिवाय कोकणात रत्नागिरीच्या मनोरुग्णालयाचं नाव पिढ्यान्‌पिढ्या टोमण्यासारखं वापरलं गेलंय. ‘रत्नागिरीक धाडूचो लागतलो’ हे ऐकत वाढलेला मुलगा आपलं दुखणं सांगेल कुणाला? पुढे ‘अविरत’ या नावाने माध्यमिक शिक्षकांना किशोरवयीन मुलांविषयी प्रशिक्षण मिळालं. २०२० मध्ये आयुष्मान भारतच्या शाळा आरोग्य कार्यक्रमाने प्रत्येक शाळेतून दोन शिक्षक निवडायला सांगितले. चांगलीच कामं होती ही. पण शिकवण्याचं निमंत्रण दरवेळी शिक्षकालाच आलं.

मामासारख्या नजरेची सगळ्यात जास्त गरज पडली ती २०२१ मध्ये. १६ मे रोजी तौक्ते वादळ किनाऱ्यालगत गेलं. घरांवरची कौलं-पत्रे उडाले, माड पडले, होड्या फुटल्या. शाळा तेव्हा बंदच होत्या, त्यामुळे त्या रात्रीबद्दल वर्गात कुणी कुणाशी बोललं नाही. ४ ऑक्टोबरला ग्रामीण भागात पाचवीपासूनचे वर्ग भरले, तेव्हा मुलं पुन्हा बाकावर बसत होती. कुणाचे आजोबा करोनात गेले होते, कुणाचा बाप मुंबईतलं काम सुटून घरी बसला होता, तर कुणी रापणीवर, किनाऱ्यावरून ओढायच्या मासेमारीच्या जाळ्यावर, जाऊन चार पैसे आणायला शिकला होता. शाळेने मात्र सर्वांत आधी काय मोजलं? राहिलेला अभ्यास. रापणीला जातो म्हणून गैरहजर असलेला मुलगा आणि घरातून बाहेरच पडवत नाही म्हणून गैरहजर असलेला मुलगा, हजेरीपटावर दोघांपुढे एकच खूण असते. त्यांतला फरक फाटकावर किंवा एसटीच्या थांब्यावर कळतो.

आणि आमचं आणखी एक झाकण आहे, निकालाचं. दहावीत कोकण मंडळ वर्षानुवर्षं राज्यात पहिलं; २०२४ मध्ये ९९.०१ टक्के. मलाही त्याचा अभिमान आहे. पण २०२२ मध्ये एनसीईआरटीने देशभरातल्या ३,७९,८४२ विद्यार्थ्यांना विचारलं, तेव्हा ८१ टक्के मुलांनी चिंतेचं कारण म्हणून अभ्यास, परीक्षा आणि निकाल ही नावं घेतली. त्याच वर्षी देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी जीव दिल्याची नोंद आहे. त्यांतले १,७६४ महाराष्ट्रातले, सर्व राज्यांत सर्वाधिक. पास होणारं मूल बरं असतंच, असं नाही.

मार्च २०२२ मध्ये मुलांच्या सुरक्षिततेसाठी शाळांत नेमायला सांगितलेल्या ‘सखी सावित्री’ समितीत पोलीस पाटील आणि अंगणवाडी सेविकेला जागा मिळाली. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेतल्या लैंगिक अत्याचाराच्या घटनेनंतर पुन्हा आदेश निघाले: कॅमेरे, तक्रारपेटी, कर्मचाऱ्यांची चारित्र्य पडताळणी. आवश्यकच होतं ते. तरी त्या सगळ्यात बिगरशिक्षक कर्मचारी दिसतो तो संशयापुरता.

तो पहिल्यांदा जबाबदार माणूस म्हणून दिसला २५ जुलै २०२५ ला. सर्वोच्च न्यायालयाने शिक्षक आणि शिक्षकेतर, दोघांनाही वर्षातून किमान दोनदा प्रशिक्षण द्यायला सांगितलं. धोक्याच्या खुणा ओळखणं, मानसिक प्रथमोपचार, पुढे कुणाकडे पाठवायचं. शंभर किंवा जास्त विद्यार्थी असतील तिथे समुपदेशक हवा. त्याहून लहान शाळांनी बाहेरच्या तज्ज्ञाशी रीतसर जोडून घ्यावं. सिंधुदुर्गातल्या कितीतरी शाळा या दुसऱ्या ओळीत येतात. तज्ज्ञ जिल्ह्याच्या ठिकाणी, ओरोसला; शाळा खाडीपलीकडे. मधल्या काळासाठी १४४१६ हा टेलिमानसचा मोफत नंबर आहे, तो फळ्याशेजारी तर हवाच, पण घंटेखालीही हवा.

पण हा आदेश आला तोवर शिपायाचं पद न भरण्याच्या निर्णयाला साडेचार वर्षं झाली होती. कितीतरी मामा निवृत्त झाले. त्यांच्या जागी भत्त्यावर आलेला पोरगा घंटा देतो, फाटक लावतो, उद्या दुसरं काम मिळालं तर निघून जातो. तो शाळेचा कर्मचारी धरायचा की नाही? प्रशिक्षणाच्या हजेरीपत्रकात त्याचं नाव कुठल्या रकान्यात लिहायचं, ते अजून कुणी सांगितलेलं नाही.